कोंबडीला जागा किती हवी?



मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीनं मला विचारलं, "ताई, दहा तलंगा घेतल्यात. परसात जाळीचं आवार करायचंय, आपल्याला आत जाता येईल असं. किती बाय किती करू?" उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण हा जागेचा हिशेब फार जुना आहे आणि त्यात बायकांचा हात मोठा आहे. म्हणून आधी गोष्ट सांगते, मग मापं.

सुरुवात आमच्या घरापासून करते. सासूबाईंचं खुराडं पडवीच्या कोपऱ्यात होतं. दगडमातीचं, वर फळी, उंची गुडघ्याएवढी. दिवस मावळला की कोंबड्या आपणहून आत शिरायच्या, मग दाराला फळी आणि फळीला दगड. पिल्लांची कोंबडी डालग्याखाली. या खुराड्याला कुणी माप लावलं नव्हतं. कोंबड्या दिवसभर उकिरड्यावर आणि गोठ्यात हिंडायच्या, खुराडं फक्त रात्रीपुरतं. पण साफ करायचं तर जमिनीवर आडवं होऊन हात घालावा लागायचा. आत काय चाललंय ते दिसायचंच नाही. एका पावसाळ्यात मागची भिंत पोखरली गेली, कुणाला कळलं नाही, आणि मुंगूस शिरलं. सकाळी पाच कोंबड्या मेलेल्या. धाकट्या नणंदेच्या शाळेचा खर्च अंड्यांच्या पैशातून चालायचा. त्या वर्षी सासूबाईंना तो उसना आणावा लागला.

आता मागे जाऊ. आपली कोंबडी मूळची रानातली. आग्नेय आशियातला तांबडा रानकोंबडा हा तिचा मुख्य पूर्वज. थायलंडमधल्या बान नॉन वाट या जुन्या वस्तीत पाळीव कोंबड्यांची सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची हाडं सापडली आहेत. माणूस भात आणि भरड धान्य पिकवू लागला, सांडलेल्या दाण्यांसाठी रानकोंबड्या जवळ आल्या आणि राहिल्या, असं अभ्यासक मानतात. आपल्या सह्याद्रीतला करडा रानकोंबडाही तिच्या नात्यातला. पुष्कळ कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग त्याच्याकडून आलेला आहे. रानातल्या तीन सवयी कोंबडीनं अजून सोडलेल्या नाहीत: माती उकरणं, धुळीत लोळून अंग साफ करणं आणि रात्री उंचावर बसणं. जागा ठरवताना या तिन्ही सवयी लक्षात ठेवायच्या.

त्या पहिल्यांदा नीट लिहून ठेवणाऱ्यांपैकी एक म्हणजे रोमन लेखक कोलुमेला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्यानं शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात कोंबड्यांच्या घराचं वर्णन आहे. तीन खोल्या एकमेकींना लागून, मधली सात फूट लांब, सात फूट रुंद आणि सात फूट उंच. घर स्वयंपाकघराजवळ असावं, म्हणजे चुलीचा धूर कोंबड्यांना मिळेल. बसायच्या दांड्या चौकोनी असाव्यात, गोल दांडीवरून पाय घसरतो. आणि आडोशाला कोरडी धूळ आणि राख ठेवावी, त्यांना लोळायला. दोनशेपर्यंत कोंबड्या एक माणूस सांभाळू शकतो, असं तो म्हणतो, पण एक अट घालतो: बाहेर भटकणाऱ्या कोंबड्यांवर लक्ष ठेवायला एखादी कष्टाळू म्हातारी किंवा पोरगा हवा. बघा, दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा ते काम म्हातारीकडेच! पण त्या घरात माणूस ताठ उभा राहू शकत होता, हे विसरू नका.

पुढे बराच काळ कोंबड्या मोकळ्या हिंडत राहिल्या, कारण मोठी जागा कुडानं किंवा भिंतीनं वेढणं परवडणारं नव्हतं. १८४४ साली इंग्लंडमधल्या नॉरविच शहरात चार्ल्स बर्नार्ड यांनी कापड विणायच्या यंत्राच्या धर्तीवर तारेची षटकोनी जाळी विणली. तीच आपली कोंबडीजाळी. तिच्यामुळे वारा, ऊन आत घेणारं स्वस्त आवार शक्य झालं.

मग येते अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातली सेसिल स्टील. ही शेतकरी घरातली बाई घरच्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळायची. १९२३ साली तिनं पन्नास पिल्लं मागवली आणि चुकून पाचशे आली. तिनं ती परत केली नाहीत. आधी पियानोच्या रिकाम्या खोक्यात ठेवली, मग त्यांच्यासाठी सोळा फूट बाय सोळा फुटांची खोली बांधून घेतली. अठरा आठवड्यांनी उरलेल्या ३८७ कोंबड्या मांसासाठी विकल्या आणि चांगला पैसा मिळवला. तीन वर्षांत तिच्याकडे दहा हजार पक्ष्यांची सोय झाली. आजच्या ब्रॉयलर धंद्याची सुरुवात तिथून धरतात. ती पहिली खोली आजही जपून ठेवली आहे. आता हिशेब करा. २५६ चौरस फुटांत पाचशे पिल्लं, म्हणजे एकीला अर्धा चौरस फूट.

तरी तिथं माणूस आत जात होता. १९३० नंतर अंड्यांच्या कोंबड्यांसाठी तारेचे पिंजरे आले, एकावर एक रचलेले. माणूस बाहेरच. पुढून दाणा टाकायचा, पुढूनच अंडं उचलायचं. आत पाऊल ठेवायची गरज संपली, तशी कोंबडीची जागा घटत गेली. १९६४ साली रूथ हॅरिसन या इंग्रज बाईंनी यावर पुस्तक लिहिलं आणि तिथं खळबळ उडाली. सरकारनं समिती नेमली. १९६५ मध्ये समितीनं सांगितलं की जनावराला निदान वळता, उठता, बसता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता यायला हवेत. किती साधी मागणी! तरी युरोपात १९९९ च्या नियमानं अशा पिंजऱ्यात कोंबडीला जी कमीत कमी जागा ठरली ती ५५० चौरस सेंटिमीटर, वहीच्या मोठ्या पानाहूनही कमी. २०१२ पासून ते साधे पिंजरे तिथं बंद झाले. मोकळ्या हिंडणाऱ्या कोंबडीला तिथं बाहेर चार चौरस मीटर जागा दिली आहे.

आपल्याकडेही मोठ्या पोल्ट्री आल्या, पण परसातली कोंबडी बायकांकडेच राहिली. तिला मोठा धक्का बसला फेब्रुवारी २००६ मध्ये. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातली पहिली बर्ड फ्लूची साथ सापडली. पोल्ट्र्यांबरोबर आजूबाजूच्या गावांतल्या घरच्या कोंबड्याही माराव्या लागल्या. रानपाखरांची विष्ठा आपल्या कोंबड्यांच्या दाण्यापाण्यात पडू न देणं किती गरजेचं आहे, हे तेव्हा कळलं. म्हणून आवाराला वरून छप्पर हवं.

आता मापं. कोंबड्या दिवसभर आतच राहणार असतील तर एकीला दहा चौरस फूट धरा. दहा कोंबड्यांना दहा बाय दहा. संध्याकाळी तास-दोन तास बाहेर सोडणार असाल तर थोडं कमी चालेल, पण कमी जागेत चिखल होतो, टोचाटोची होते आणि रक्ती हगवण लागते. खुडूक कोंबडी रवणावर बसली की दहाच्या पंधरा व्हायला वेळ लागत नाही, म्हणून एका बाजूला वाढवायला जागा सोडा. रात्री बसायला दांडी, एकीला आठ-दहा इंच. चार-पाच कोंबड्यांत अंडी घालायला एक खोकं. कोपऱ्यात कोरडी राख आणि माती. कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. म्हणून खालच्या तीन फुटांना अर्ध्या इंचाची जाड वेल्डेड जाळी लावा आणि ती फूटभर जमिनीत पुरा.

आणि उंची? ती कोंबडीवरून ठरवू नका. पदर डोक्यावर घेऊन, घमेलं कमरेवर धरून तुम्ही ताठ आत जाल इतकी ठेवा, साडेसहा फूट तरी. दार आत उघडणारं करा, म्हणजे तुम्ही शिरताना कोंबड्या बाहेर पळणार नाहीत. जिथं आपण रोज ताठ मानेनं आत जातो, तिथं पोखरलेली भिंत दिसते, मान टाकून बसलेली कोंबडी दिसते, ओलं झालेलं खोकं दिसतं. सासूबाईंना ते दिसलं नाही, कारण त्यांच्या खुराड्यात फक्त हात जात होता.

तेव्हा मैत्रिणींनो, टेप कोंबड्यांना लावायच्या आधी स्वतःला लावा. पुढच्या भागात मानमोडीच्या लसीबद्दल बोलू. नमस्कार.