दोन शहरे आणि एक बदनामी

आमच्या मोहल्ल्यातील एका आपांच्या मुलाला शिकागोत नोकरी लागली. घरोघर मिठाई वाटली गेली. आमच्याकडे मिठाई घेऊन आल्या तेव्हा आपा जरा वेळ बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाईजान, ते गोळीबाराचं शहर ना? त्यापेक्षा न्यूयॉर्कला लागली असती तर बरं झालं असतं."

आपांना मी त्या दिवशी धीराचे दोन शब्द सांगितले. पण प्रश्न मनात राहिला. एखाद्या शहराला असे नाव कसे पडते? आणि एकदा पडले की ते खरे असते का? ज्यांच्या वस्तीचे नाव ऐकताच घरमालकाचा, रिक्षावाल्याचा चेहरा बदलतो, त्यांनी तरी हा प्रश्न नीट विचारला पाहिजे. म्हणून न्यूयॉर्क आणि शिकागो या दोन शहरांचा इतिहास शेजारी ठेवून पाहण्याचा हा प्रयत्न.

प्रथम एक गंमत. शिकागोच्या बदनामीचा मूळ पुरुष मानला जातो तो अल कपोन. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात त्याच्या टोळीने त्या शहरावर दहशत बसवली. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी एका गॅरेजमध्ये सात माणसांना भिंतीकडे तोंड करून उभे केले आणि गोळ्या घातल्या, ते हत्याकांड आजही त्याच्या नावावर सांगितले जाते. अखेर १९३१ साली त्याला शिक्षा झाली ती खुनासाठी नव्हे, आयकर चुकवल्याबद्दल! पण हा कपोन शिकागोचा नव्हताच. तो १८९९ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मला, तिथल्याच टोळ्यांत तयार झाला आणि मग शिकागोत गेला. माल न्यूयॉर्कचा, शिक्का शिकागोचा.

बंदर आणि जंक्शन

न्यूयॉर्क हे बंदर. डच व्यापाऱ्यांनी सतराव्या शतकात वसवलेले, १६६४ साली इंग्रजांनी घेतलेले. १८२५ मध्ये ईरी कालवा पूर्ण झाला आणि देशाच्या आतल्या भागातील धान्य या बंदरात येऊ लागले. १८९८ साली पाच विभाग एकत्र होऊन आजचे महानगर बनले. १९०४ पासून भुयारी रेल्वे सुरू झाली. बंदराचा स्वभाव असा की तिथे रोज नवा माणूस उतरतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जहाजांच्या भट्टीखोलीत राबणारे बंगाली मुसलमान खलाशी इथेच जहाज सोडून पळाले, हार्लेममध्ये राहिले, काळ्या आणि पोर्टो रिकन स्त्रियांशी निकाह करून संसाराला लागले. शहराने त्यांना सामावून घेतले. कारण तिथे कोणाला कोणाकडे बघायला फुरसत नव्हती.

शिकागो हे जंक्शन. १८३७ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला. पुढे रेल्वे, धान्यबाजार, लाकूड, पोलाद आणि कत्तलखाने यांच्या जोरावर ते फुगत गेले. ऑक्टोबर १८७१ च्या आगीत सुमारे तीनशे माणसे मेली आणि एक लाखाच्या आसपास बेघर झाली. त्या राखेतून त्यांनी नवे शहर उभारले आणि १८८५ साली लोखंड-पोलादाच्या सांगाड्यावरची पहिली उंच इमारत बांधली. १८८६ मध्ये आठ तासांच्या कामासाठी लढणाऱ्या मजुरांचे हेमार्केट प्रकरण इथेच घडले. १ मे हा कामगार दिन त्याच चळवळीची आठवण आहे.

१८९३ च्या सर्वधर्म परिषदेमुळे शिकागो आपल्याकडे घरोघर ठाऊक झाले. त्या परिषदेत इस्लामची बाजू मांडणारा माणूस होता मोहम्मद अलेक्झांडर रसेल वेब. हा न्यूयॉर्क राज्यात जन्मलेला गोरा पत्रकार मनिलात अमेरिकेचा वकील असताना मुंबईचे बद्रुद्दीन अब्दुल्ला कूर यांच्याशी पत्रव्यवहार करू लागला आणि १८९२ साली हिंदुस्थानातही येऊन गेला. १८९३ मध्येच त्याने न्यूयॉर्कमधून इस्लामविषयक नियतकालिक काढले. एका माणसाच्या एका वर्षात ही दोन्ही शहरे आणि आपली मुंबई अशी गुंतलेली आहेत.

पुढे शिकागोचे आकाशच एका मुसलमानाने बदलले. ढाक्यात शिकलेले अभियंते फजलुर रहमान खान यांनी नळीसारख्या रचनेची कल्पना मांडून आधी हॅनकॉक आणि मग सिअर्स मनोरा उभा केला. हा दुसरा मनोरा १९७० च्या दशकात पुरा झाला आणि सुमारे पाव शतक जगात सर्वांत उंच होता. आपांना सांगायला हवे होते, ते गोळीबाराचे शहर आहे, तसे ते आपल्या फजलुर खानांचेही शहर आहे.

पाण्यावरची रेघ

उद्योगांना मजूर हवे होते. १९१५ च्या सुमारास दक्षिणेतील जुलूम आणि दारिद्र्य सोडून काळे लोक उत्तरेकडे निघाले. १९१० साली शिकागोत सुमारे ४४ हजार काळे लोक होते. १९७० मध्ये ते ११ लाखांवर गेले. न्यूयॉर्कलाही असेच लोंढे आले. वस्त्या दोन्हीकडे वेगळ्याच राहिल्या. पण शिकागोत ही भिंत अधिक कडक झाली.

२७ जुलै १९१९ रोजी युजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा काळा मुलगा मिशिगन सरोवरात पोहत असताना गोऱ्यांच्या मानल्या गेलेल्या हद्दीत वाहत गेला. किनाऱ्यावरून दगड आले, मुलगा बुडाला. पोलिसाने दगड मारणाऱ्याला पकडले नाही. दंगल उसळली. २३ काळे आणि १५ गोरे असे ३८ जण मेले. पाण्यावर रेघ ओढता येत नाही म्हणतात. शिकागोत ती ओढलेली होती.

पुढे ती कागदावर आली. काळ्या माणसाला घर विकणार नाही, असे करार मालक आपसात करीत. अशा करारांची अंमलबजावणी न्यायालयातून होणार नाही, हे १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. १९३० च्या दशकात सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे काढून काळ्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या; तिथे घरकर्ज मिळणे दुरापास्त झाले. मग सरकारनेच गरिबांसाठी इमारती बांधल्या. रॉबर्ट टेलर होम्स या १९६२ मध्ये पुऱ्या झालेल्या प्रकल्पात सोळा मजल्यांच्या २८ इमारती एका ओळीत उभ्या केल्या, त्याही काळ्या वस्तीतच. गरिबी एका जागी रचून ठेवली. २००७ पर्यंत त्या सगळ्या पाडाव्या लागल्या.

दरम्यान रोजगार गेला. कत्तलखान्यांचे प्रचंड आवार १९७१ साली बंद पडले, दक्षिणेकडचा मोठा पोलाद कारखाना १९९२ साली. ज्यांना शक्य होते ते निघून गेले. एंगलवूड या एका वस्तीत १९६० मध्ये सुमारे ९७ हजार लोक होते. २०२० मध्ये ते पंचवीस हजारांच्या आत आले. ओस पडलेली घरे, बंद दुकाने, रिकामे प्लॉट. अशा ठिकाणी कोण उरतो? ज्याला जायला जागा नाही तो, आणि ज्याला अंधार हवा असतो तो.

समान आकडा

आता आपांच्या प्रश्नाकडे येऊ. १९९० साली न्यूयॉर्कमध्ये २,२०० हून अधिक खून झाले. त्याच वर्षी शिकागोत साडेआठशेच्या आसपास. लोकसंख्येच्या मानाने पाहिले तर दोन्ही शहरांत लाखामागे सुमारे ३०! म्हणजे तेव्हा आपांनी निवड केली असती तरी फरक पडला नसता. उलट जगभर भीतीचे नाव होते ते न्यूयॉर्कचे. १९७५ मध्ये ते दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते; १३ जुलै १९७७ च्या रात्री वीज गेली आणि हजारावर दुकाने लुटली, जाळली गेली; ब्रॉन्क्समध्ये रांगेने घरे जळत होती.

२०२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ३७७ खून झाले, शिकागोत ५७३. लाखामागे न्यूयॉर्क साडेचारच्या आसपास, शिकागो एकवीसच्या आसपास. जे दोघे एकाच पायरीवर उभे होते त्यांतला एक इतका खाली कसा उतरला?

याचे लोकप्रिय उत्तर पोलिसांची सख्ती हे आहे. १९९४ नंतर न्यूयॉर्क पोलिसांनी गुन्ह्यांच्या नोंदी नकाशावर मांडून काम सुरू केले, त्याआधी १९९१ पासून पोलिसांची संख्याही वाढवली होती. त्याचा काही परिणाम झाला हे मान्य करावे लागेल. पण रस्त्यात थांबवून अंगझडती घेण्याच्या ज्या प्रकाराचा डंका पिटला गेला, त्याचा हिशेब वेगळा आहे. २०११ या एका वर्षात लोकांना असे ६,८५,००० हून अधिक वेळा थांबवले गेले. थांबवलेल्यांत बहुतांश काळे आणि लॅटिनो; दहातले जवळपास नऊ जण निर्दोष म्हणून सोडले गेले. २०१३ मध्ये न्यायालयाने हा प्रकार ज्या रीतीने चालला होता तो घटनाबाह्य ठरवला. झडत्या धडाधड कमी झाल्या. मग खून वाढले का? नाही. २०१७ मध्ये ते ३०० च्याही खाली आले.

याच पोलीस दलाने २००१ च्या हल्ल्यानंतर मशिदी, चहाची दुकाने, विद्यार्थी संघटना यांवर गुप्त नजर ठेवणारा विभाग चालवला. या विभागाच्या माहितीवरून दहशतवादाचा एकही तपास सुरू झाला नाही, हे एका वरिष्ठ अधिकाऱ्याने २०१२ मध्ये शपथेवर सांगितले. २०१४ साली तो विभाग बंद झाला. निर्दोष माणसावर संशय घेण्याची किंमत मात्र त्या मोहल्ल्यांनी मोजली. शिकागोत तर १९७० आणि ८० च्या दशकांत पोलिसांनी काळ्या संशयितांचा छळ करून कबुल्या घेतल्या. २०१५ मध्ये शहराला त्याची भरपाई द्यावी लागली. जिथे पोलिसांवर भरवसा नाही तिथे साक्षीदार पुढे येत नाही. साक्षीदार नाही तर खुनी मोकळा, आणि खुनी मोकळा तर सूड.

दुसरे उत्तर बंदुकांचे. शिकागोत पकडलेल्या बंदुकांपैकी निम्म्याहून अधिक राज्याबाहेरून येतात, बऱ्याच शेजारच्या इंडियानातून. हे खरे आहे. पण न्यूयॉर्कमध्येही बंदुका बाहेरूनच येतात. तेवढ्याने कोडे सुटत नाही.

माणसांनी भरलेला रस्ता

माझ्या मते मोठे कारण वस्तीच्या स्वभावात आहे. १९६५ च्या नव्या कायद्याने आशिया, लॅटिन अमेरिका, कॅरिबियन बेटे, आफ्रिका इथले लोक येऊ लागले. न्यूयॉर्कच्या ओस पडलेल्या गल्ल्यांत त्यांनी भाड्याने खोल्या घेतल्या, दुकाने टाकली. आज तिथे तिघांत एकाहून अधिक माणूस परदेशात जन्मलेला आहे. शिकागोत हे प्रमाण पाचात एकाच्या आसपास. न्यूयॉर्कमध्ये चौरस मैलाला २९ हजार माणसे, शिकागोत १२ हजार. जेन जेकब्स या लेखिकेने १९६१ सालीच सांगितले होते की रस्ता सुरक्षित राखतात ती तिथे असलेल्या माणसांची नजर. आपल्या मोहल्ल्यात ओट्यावर बसलेली बुजुर्ग मंडळी हेच काम करीत आली आहेत.

याचा पुरावा खुद्द शिकागोत सापडतो. जुलै १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत तिथे सातशेहून अधिक माणसे दगावली. शेजारीशेजारी दोन गरीब वस्त्या, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. पहिली ओस पडत चाललेली काळी वस्ती, दुसरी मेक्सिकन लोकांनी गजबजलेली. पहिलीत मृत्यूचे प्रमाण दुसरीच्या सुमारे दहापट! एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने कारण शोधले. दुसऱ्या वस्तीतला म्हातारा बाजारात उतरत होता, कोणाला तरी दिसत होता. पहिल्या वस्तीतला दार लावून बसला होता.

त्याही आधी, १९४२ मध्ये, शॉ आणि मॅके या शिकागोच्या दोन अभ्यासकांनी दाखवून दिले होते की काही वस्त्यांत बालगुन्हेगारी पिढ्यान्‌पिढ्या जास्त राहिली. तिथली माणसे मात्र बदलत गेली. एका जमातीचे लोक गेले, दुसऱ्या आले. जे सोडून गेले त्यांची मुले नव्या जागी सुधारली, जे आले त्यांची बिघडली. म्हणजे गुन्हा रक्तात नव्हता, धर्मातही नव्हता. तो जागेच्या हालतीत होता. ही गोष्ट आपण पाठ करून ठेवावी आणि इतरांनाही सांगावी. आणि हो, कोणत्याही दुसऱ्या समाजाविषयी बोलतानाही आठवावी.

शिकागोही आता उतरणीला लागले आहे. २०२१ मध्ये तिथे आठशेच्या घरात खून झाले होते, ते तीन वर्षांत ५७३ वर आले. त्यात तिथल्या मुसलमानांचा वाटा लहान, पण बघण्यासारखा आहे. ५ ऑगस्ट १९६६ रोजी मार्केट पार्कमध्ये घरांच्या हक्कासाठी मोर्चा काढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांना जमावाने दगड मारला होता. त्याच भागात १९९७ पासून असलेली 'इमान' ही मुस्लिम संस्था दवाखाना चालवते, तुरुंगातून सुटलेल्यांना सुतारकाम-बांधकाम शिकवून पडकी घरे दुरुस्त करवते. त्या दगडाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २०१६ साली, याच संस्थेच्या पुढाकाराने तिथे किंग यांचे स्मारक उभे राहिले. आणि ज्या न्यूयॉर्कने मशिदींवर पहारे बसवले, त्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये जोहरान ममदानी या मुसलमान तरुणाला महापौर निवडले. त्यांचे वडील महमूद ममदानी यांचा जन्म मुंबईचा.

परवा आपा पुन्हा भेटल्या. मुलाने डेव्हन अॅव्हेन्यूजवळ खोली घेतली म्हणाल्या, तिथे हलाल गोश्त मिळते, मशीदही जवळ. मी म्हटले, "आपा, त्याला एवढेच सांगा, दार लावून बसू नकोस. शेजाऱ्याला सलाम करत जा, मग तो कोणीही असो."

"ते तर मी इथेही सांगत होते," आपा म्हणाल्या.