ओशकोशचा बास्केटबॉल

मंडळी, गावची तालीम बंद पडली की काय होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. दोनचार वर्षे हौदातली माती कोणीतरी उकरत राहतो. मग तिथे कडब्याच्या पेंढ्या येतात. पुढे एखादा म्हातारा पोरांना सांगतो, ‘अरे, इथे पहिलवान घुमत होते,’ आणि पोरे हसतात. पण अशी बंद पडलेली गोष्ट अडुसष्ट वर्षांनी पुन्हा सुरू झाली, असे कधी ऐकले आहे का? अमेरिकेतल्या एका लहान शहरात ते घडले आहे. त्याचीच हकिगत आज सांगायची आहे.

शहराचे नाव ओशकोश. नाव ऐकून गंमत वाटेल, पण ते तिथल्या मेनॉमिनी जमातीच्या एका प्रमुखाचे नाव आहे. विस्कॉन्सिन राज्यात विनेबागो सरोवराच्या काठी हे शहर वसले आहे. वस्ती सारी साठसत्तर हजारांची, म्हणजे आपल्याकडचे एखादे बऱ्यापैकी तालुक्याचे ठिकाण. एकोणिसाव्या शतकात तिथे लाकूड कापायच्या गिरण्या इतक्या होत्या की लोक त्याला ‘भुशाचे शहर’ म्हणत. थंडी अशी की सरोवर गोठून त्यावरून माणसे चालतात. तेव्हा हिवाळ्यात छपराखाली खेळता येईल असा खेळ हवाच.

बास्केटबॉलचा जन्म मुळी याच गरजेतून झाला. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने कंटाळलेल्या विद्यार्थ्यांसाठी व्यायामशाळेच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. (शिक्षक वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. जगभर पसरलेला हा खेळ एका मास्तराने वर्ग काबूत ठेवण्यासाठी काढला!) पुढे १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये त्याचा प्रथम समावेश झाला. अंतिम सामना उघड्यावर, भर पावसात, चिखलात झाला आणि अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरवले. त्याच बर्लिनमध्ये आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे जवान देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवत होते, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

आता ओशकोशकडे येऊ. तिथे लॉनी डार्लिंग नावाचा एक गृहस्थ होता. धंदा बियाण्यांचा. स्वतः काही मोठा खेळाडू नव्हे, पण वेड जबर. १९२९ साली त्याने ‘ऑल-स्टार्स’ नावाचा संघ उभा केला. ते मंदीचे साल होते हे लक्षात घ्या. सामने शाळेच्या व्यायामशाळेत होत. १९३७ मध्ये ‘नॅशनल बास्केटबॉल लीग’ निघाली. तिच्यात गुडइयर, फायरस्टोन आणि जनरल इलेक्ट्रिक अशा बड्या कारखान्यांचे संघ होते. त्यांच्या पंक्तीला बियाणेवाल्याचा संघ जाऊन बसला.

बसला आणि जेवलाही! पण ताट वाढून यायला वेळ लागला. १९३८, १९३९ आणि १९४० अशी लागोपाठ तीन वर्षे तो अंतिम फेरीत हरला. १९३९ मध्ये तर शिकागोच्या जागतिक व्यावसायिक स्पर्धेतही अखेरचा सामना त्याने गमावला. त्याला हरवणारा संघ होता न्यूयॉर्कचा ‘रेनेसन्स’. हा संघ संपूर्णपणे काळ्या खेळाडूंचा होता. लीगची दारे त्यांना बंद होती, पण खेळात त्यांना तोड नव्हती. अखेर १९४१ मध्ये ओशकोशने लीग जिंकली. १९४२ मध्ये ती पुन्हा जिंकली, आणि शिवाय शिकागोची स्पर्धाही.

या संघाचा मोहरा म्हणजे लिरॉय एडवर्ड्स, टोपणनाव ‘काउबॉय’. उंचापुरा, धिप्पाड. हा गडी टोपलीखाली ठाण मांडून बसला की हलवणे कठीण. टोपलीपुढच्या चौकटीत तीन सेकंदांहून अधिक थांबू नये, हा आज आपल्या शाळांतूनही पाळला जाणारा नियम बऱ्याच अंशी त्याच्यामुळेच आला असे मानतात. लीगच्या पहिल्या तिन्ही वर्षी सर्वांत जास्त गुण त्याचे होते. लीग बारा हंगाम चालली आणि हा बाराही हंगाम ओशकोशकडूनच खेळला. आजच्या खेळाडूंना हे खरे वाटणार नाही.

मग मोडले कुठे? मोठ्या शहरांतल्या स्टेडियमच्या मालकांनी १९४६ मध्ये दुसरी लीग काढली होती. त्यांच्याकडे जागा मोठी, प्रेक्षक मोठे. चांगले खेळाडू होते मात्र लहान गावांकडे. ऑगस्ट १९४९ मध्ये दोन्ही लीगा एक झाल्या आणि ‘एनबीए’ जन्मली. त्याच वर्षी अंतिम फेरीपर्यंत पोचलेला ओशकोशचा संघ या नव्या घरात शिरलाच नाही, बंद झाला. शेजारचे शेबॉयगन शिरले आणि एका हंगामात बाहेर पडले. अँडरसन व वॉटर्लू यांचेही तेच झाले. फोर्ट वेनचा संघ १९५७ मध्ये डेट्रॉइटला गेला. लहान गावांनी खेळ वाढवला आणि शहरांनी तो उचलून नेला, असे मी म्हटले तर तुम्ही मला एकांगी म्हणाल. म्हणा. शाळेच्या व्यायामशाळेतल्या तिकिटांवर दूरदूरचे दौरे परवडत नाहीत, हेही खरे आहेच.

ओशकोशहून थोड्याच अंतरावर ग्रीन बे आहे. तिथला फुटबॉलचा संघ मात्र टिकला. कारण १९२३ पासून त्याचे भाग गावकऱ्यांच्या हाती आहेत. ज्याचा मालक गाव, त्याला उचलून कोण नेणार?

यानंतरची साठसत्तर वर्षे मी एका वाक्यात उरकतो, कारण ओशकोशमध्ये या खेळाच्या बाजूने त्या काळात सांगण्याजोगे फारसे घडले नाही. मग मिल्वॉकीच्या ‘बक्स’ या एनबीए संघाला तरुण खेळाडू तयार करण्यासाठी दुय्यम लीगमध्ये आपला एक संघ हवा झाला. अनेक शहरे पुढे आली. २०१७ मध्ये पसंती पडली ओशकोशला. २०११ मध्ये बंद पडलेल्या एका फर्निचरच्या कारखान्याच्या जागेवर काही महिन्यांत साडेतीन हजार लोक बसतील अशी इमारत उठली. तिला मेनॉमिनी नेशनचे नाव मिळाले, म्हणजे ज्याच्या नावाचे शहर, त्याच्या जमातीचे. डिसेंबर २०१७ मध्ये ‘विस्कॉन्सिन हर्ड’ हा संघ तिथे खेळू लागला.

पण दोन वर्षे होतात न होतात तोच, २०१९ मध्ये, इमारतीच्या मालक कंपनीला कर्जापायी कोर्टाचा आसरा घ्यावा लागला. बांधणाऱ्याचेच कोट्यवधी रुपयांच्या मोलाचे देणे थकले होते. खेळ थांबला नाही, हे नशीब. पुढे इमारतीचे नावही बदलून ‘ओशकोश अरीना’ झाले.

आता खरा प्रश्न. परत आले ते तेच आहे का? संघाच्या नावात ओशकोश नाही. मालकी मिल्वॉकीची. फोर्ट वेनलाही २००७ मध्ये असाच दुय्यम संघ मिळाला होता. मोठ्या संघाने तो विकत घेतला आणि २०२३ मध्ये तो तिथून गेला. ओशकोशकरांना हे ठाऊक नसेल असे नाही. एडवर्ड्स बारा वर्षे राहिला. आताच्या नियमाने एखादा खेळाडू सोमवारी इथे खेळतो आणि बुधवारी बोलावणे आले की मोटारीने दीड तासावरच्या मिल्वॉकीला जातो. लोक त्याला टाळ्या वाजवून निरोप देतात, आणि पुढच्या सामन्याला पुन्हा तिकीट काढून बसतात. त्याच्या जागी आज कोण उतरतो ते पाहायचे असते.