ओतीव आणि ओढीव

राजा सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमला झाला. त्या गावी बदलून आलेल्या मराठी माणसास पितळ प्रथम भेटते ते कॉफीच्या पेल्यात, आणि मग जवळच्याच नाच्चियारकोविलच्या उंच समईत. ही समई ओतीव. कावेरीकाठच्या मातीच्या साच्यात रस ओतावयाचा, निवू द्यावयाचा आणि कातून उजळावयाचा. येथे धातू आपला आकार जणू आपखुशीने घेतो.

याच पितळाचा दुसरा अवतार ओढीव आहे. १८५७ च्या उठावास निमित्त झालेले काडतूस कागदी होते. पुढील काही दशकांत त्याची जागा पितळी पुंगळीने घेतली. पुण्याजवळ खडकीस दारूगोळ्याचा कारखाना १८६९ साली निघाला. पुंगळीत सुमारे ७० भाग तांबे व ३० भाग जस्त असते. थंड चकती साच्यांतून ओढीत ओढीत तिची नळी करतात आणि गोळी बसवून तोंड आवळतात. बार उडताच पुंगळी फुगून पिस्तुलाच्या घराला घट्ट बसते, वायू मागे येऊ देत नाही आणि लगेच किंचित आकसून सुटी होते. ती पुन्हा भरावयाची तर साच्यात दाबून मूळ मापावर आणावी लागते, तोंड जरा फाकून गोळी बसवावी लागते, मग ते पुन्हा आवळावे लागते. दर खेपेस धातू कठीण होत जातो आणि अखेर तोंडाशी चिरतो.

या बळजोरीचे पितळ उघडे पडले ते हिंदुस्थानच्या पावसाळ्यात. ब्रिटिश फौजेची काडतुसे त्या दिवसांत तबेल्यांत ठेवीत. पुढे पाहावे तो पुष्कळ पुंगळ्या तडकलेल्या, आणि विशेषतः जेथे तोंड गोळीवर आवळलेले असे तेथेच! दोष ऋतूवर गेला. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१ साली उलगडा केला: घोड्यांच्या मुतातील अमोनिया आणि थंडपणी ओढलेल्या धातूत कोंडून राहिलेला ताण, या दोहोंच्या संगनमताने पितळ फुटत होते. त्यावर उपाय मंद आचेचा. कठीणपणा राहतो, ताण मात्र निवळतो.

आमचा तांबटही घडीव भांडे ठोकताना मधून मधून ताव देतो. अमोनियाची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. पण ठोकलेल्या धातूस विसावा लागतो, हे त्याच्या हातास शास्त्रज्ञांच्या पुष्कळ आधी कळले होते, असे आम्हांस वाटते.