भिसेगावातला ‘व्हिडिओ गेम’

व्हिडिओ गेमचा इतिहास वाचायला घेतला की निन्टेन्डोचं नाव पहिल्याच पानावर येतं. आमच्या भिसेगावात मात्र ते कुणाच्या तोंडी नव्हतं. आम्ही नुसतं ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो, आणि वर खुपसायची ती ‘कॅसेट’.

१९८३ साली जपानात फॅमिकॉम आला. त्याची कॅसेट ६० पिनांची. १९८५ मध्ये अमेरिकेत तेच यंत्र ७२ पिनांचं होऊन गेलं आणि सोबत परक्या कॅसेटी अडवणारी चिपही बसवली. जपानी यंत्रात ती नव्हती. साहजिकच नकला त्याच्याच निघाल्या! म्हणून कर्जत लोकलने कल्याणहून आणलेली कॅसेट गावातल्या कुणाच्याही डब्यात चालायची.

मूळ कर्त्यांना अशा नकलांतून दमडी मिळाली नाही. चोरीच ती. पण अस्सल माल आमच्या बाजारात होता कुठे? या नकलांना इतिहासात तळटिपेवर भागवणं मला तरी पटत नाही.

असो. काँट्रात खेळ साठवायची सोय नव्हती. आठव्या लेव्हलला वीज गेली (भारनियमनात ती जायचीच) की पुन्हा पहिल्यापासून. म्हणूनच मला १९८९ चा गेमबॉय टीव्हीवरच्या कुठल्याही यंत्रापेक्षा थोर वाटतो... चार पेन्सिल सेल टाका आणि अंधारात नाही तर निदान अंगणात बसून खेळा!