केमोथेरपीनंतर पाळी थांबली, तरी हार्मोनची गोळी का घ्यावी लागते?

स्तनाच्या कर्करोगाच्या रिपोर्टमध्ये 'ईआर' आणि 'पीआर' ही अक्षरं असतात. ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर. ते पॉझिटिव्ह असतील, तर गाठीतल्या पेशी या हार्मोनच्या जोरावर वाढतात. निगेटिव्ह असतील, तर हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही.

हार्मोन येतं कुठून?

पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेन मुख्यतः अंडाशयात तयार होतं. स्कॉटलंडचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्येच दाखवून दिलं होतं, की अंडाशय काढल्यावर काही स्त्रियांची गाठ आक्रसते. पाळी गेल्यावरही इस्ट्रोजेन संपत नाही. अरोमाटेज नावाचं एन्झाइम चरबीत, स्तनात आणि खुद्द गाठीतही इतर हार्मोनपासून इस्ट्रोजेन बनवतं. त्यामुळे रक्तात ते कमी दिसलं, तरी गाठीत जास्त असू शकतं.

केमोथेरपी नेमकं काय करते?

केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात. इस्ट्रोजेन बंद करणं हे त्यांचं काम नाही. पण अंडाशयातल्या बीजकोशांनाही त्यांचा फटका बसतो, विशेषतः सायक्लोफॉस्फामाइड या औषधाचा. म्हणून अनेकींची पाळी थांबते, अंगातून गरम वाफा येतात, झोप उडते. चाळिशीच्या आतल्या स्त्रियांची पाळी बरेचदा काही महिन्यांनी परत येते. वय जास्त असेल, तर ती कायमची जाण्याची शक्यता वाढते.

चरबीतल्या आणि गाठीतल्या अरोमाटेजवर मात्र केमोचा इलाज चालत नाही. शिवाय ईआर पॉझिटिव्ह गाठी बहुधा हळू वाढतात, त्यामुळे निव्वळ केमोने त्या पूर्ण नाहीशा होण्याचं प्रमाण कमी असतं. म्हणूनच केमो संपल्यावर गोळी सुरू होते, ती किमान पाच वर्षं, काहींना दहा वर्षंही.

गोळी कोणती?

टॅमॉक्सिफेन पेशीतलं इस्ट्रोजेनचं कुलूप अडवून धरते. ती पाळी असलेल्या आणि गेलेल्या, दोघींनाही चालते. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन या गोळ्या अरोमाटेज रोखतात, पण अंडाशय बंद असेल तरच त्या नीट काम करतात. इथेच गफलत होते. केमोमुळे पाळी थांबली म्हणून 'आता पाळी गेली' असं धरून नुसती लेट्रोझोल दिली, तर झोपलेलं अंडाशय उलट जागं होऊ शकतं. अशा वेळी अंडाशय शांत ठेवणारी इंजेक्शनं सोबत लागतात.

हे लक्षात ठेवा

• केमोआधी पाळी चालू होती का, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लाजू नका.
• गोळी चालू असताना पाळी किंवा रक्तस्राव दिसला, तर लगेच कळवा.
• पाळी नसली तरी दिवस जाऊ शकतात, आणि टॅमॉक्सिफेनमुळे बाळाला धोका असतो. कॉपर टी किंवा निरोध वापरा, गर्भनिरोधक हार्मोनच्या गोळ्या नकोत.
• मूल हवं असेल, तर केमो सुरू होण्याआधीच विचारा. नंतर पर्याय कमी उरतात.
• बरं वाटतंय म्हणून किंवा सांधे दुखतात म्हणून गोळी मनाने सोडू नका. त्रास सांगितला तर गोळी बदलता येते.