दौंडची बाष्प एंजिने

दौंड : पुणे जिल्ह्यातील भीमाकाठचे लोहमार्ग प्रस्थानक. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबई–रायचूर मार्ग १८७१ मध्ये पूर्ण झाला. १८७८ मध्ये दौंड–मनमाड फाटा सुरू होऊन या गावाचे महत्त्व वाढले.

प्रारंभी प्रत्येक कंपनी आपापल्या आराखड्याची एंजिने ब्रिटनमधून मागवी; त्यामुळे एकाचे सुटे भाग दुसऱ्यास चालत नसत. यावर उपाय म्हणून ब्रिटिश अभियांत्रिकी मानक समितीने १९०३ पासून भारतासाठी प्रमाणभूत आराखडे तयार केले. जड प्रवासी गाड्यांच्या एंजिनास पुढे ४ लहान मार्गदर्शक व त्यांमागे ६ जोडलेली चालक चाके असत. पुढे अतितप्त बाष्पाच्या वापराने कोळसा व पाणी यांची बचत झाली. तथापि प्रमाणीकरणानंतरही बहुतेक एंजिने ब्रिटिश कारखान्यांतूनच येत आणि भारत त्यांची हुकमी बाजारपेठ राहिला. चित्तरंजन येथे १९५० मध्ये निर्मिती सुरू झाल्यावर हे परावलंबन ओसरले.

मुंबई–पुणे मार्गाचे विद्युतीकरण १९३० पर्यंत झाले. पुण्यापुढील डाकगाड्या मात्र बाष्प एंजिनेच ओढीत. त्यामुळे चालक, फायरमन व फिटर यांची वस्ती असलेल्या दौंडचे जीवन दीर्घकाळ बाष्पाशी निगडित राहिले. १९९५ मध्ये भारतातील रुंदमापी मार्गांवरील नियमित बाष्प वाहतूक संपली.