श्वासमार्ग-संकोच, बालकांतील

स्वरयंत्र किंवा त्याखालील श्वासनाल जन्मतः अरुंद असणे अथवा जन्मानंतर इजा होऊन अरुंद होणे, या विकृतीस श्वासमार्ग-संकोच म्हणतात. मान अथवा छाती उघडून हा मार्ग रुंद करण्याच्या शस्त्रक्रिया मुख्यत्वे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झाल्या. काही बालकांत हा संकोच जन्मजात असतो. परंतु बहुसंख्य बालकांत तो प्राण वाचविण्यासाठी श्वासमार्गात घातलेल्या नळीमुळे उद्‌भवतो. त्यामुळे या शस्त्रक्रियेचा इतिहास हा बऱ्याच अंशी आधीच्या जीवदायी उपचारांचे दुष्परिणाम निस्तरण्याचा इतिहास आहे.

विकृतीचे स्वरूप : श्वासनालाच्या भिंतीतील उपास्थींची (मजबूत व लवचिक पेशीसमूहांची, कूर्चांची) कडी मागील बाजूस अपूर्ण असतात. स्वरतंतूंच्या खाली असलेली मुद्रिका उपास्थी मात्र अंगठीप्रमाणे पूर्ण वर्तुळाकार असते. ती ताणली जात नसल्यामुळे तेथील अस्तराला आलेली सूज आतील पोकळीच व्यापते. ५ मिमी. व्यासाच्या मार्गात सर्व बाजूंनी १ मिमी. सूज आल्यास व्यास ३ मिमी. होतो आणि क्षेत्रफळ मूळच्या केवळ ३६% उरते. प्रौढ व्यक्तीला किरकोळ वाटणारी सूज अर्भकाचे प्राण कंठाशी आणते, ते याच कारणाने. नळीचा दाब अस्तरावर दीर्घकाळ राहिल्यास तेथील रक्तपुरवठा खुंटतो व व्रण पडतो. तो भरून येताना तयार होणारे तंतुमय ऊतक आकसते आणि मार्ग कायमचा अरुंद होतो.

घटसर्पाचा काळ : एकोणिसाव्या शतकात मुलांचा श्वास कोंडण्याचे एक प्रमुख कारण घटसर्प हे होते. या रोगात घशात व स्वरयंत्रात साचणाऱ्या पडद्यामुळे मूल गुदमरून मरत असे [⟶ घटसर्प]. फ्रान्समधील तूर येथील वैद्य प्येर ब्रतॉनो यांनी १८२५ मध्ये श्वासनाल छेदन करून (गळ्याच्या पुढील भागी छेद घेऊन त्यातून श्वासनालात नळी बसवून) घटसर्प झालेल्या एका मुलीचे प्राण वाचविले. त्यांचे शिष्य आर्मां त्रूसो यांनी या शस्त्रक्रियेचा प्रसार केला. न्यूयॉर्कचे जोसेफ ओड्‌वायर यांनी १८८० नंतरच्या दशकात छेद न घेता तोंडावाटे स्वरयंत्रात नळी बसविण्याची पद्धत रूढ केली. एमिल फोन बेरिंग व शिबासाबुरो किटासाटो यांनी १८९० मध्ये प्रतिविषासंबंधीचे संशोधन प्रसिद्ध केल्यावर रोगावरच उपचार करणे शक्य झाले. भारतात घटसर्पाच्या लसीचा १९७८ मधील विस्तारित लसीकरण कार्यक्रमात व १९८५ मधील सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात अंतर्भाव झाला. हा रोग त्यामुळे बराच ओसरला असला, तरी तो समूळ नाहीसा झालेला नाही.

वाचलेल्या मुलांपैकी काहींची नळी मात्र पुढे निघेना. फिलाडेल्फिया येथील शेव्हॅलिअर जॅक्सन यांनी १९२१ मध्ये अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध करून स्वरयंत्राच्या दीर्घकालिक संकोचाचा दोष मुख्यत्वे चुकीच्या जागी, म्हणजे फार उंचावर, घेतलेल्या छेदाकडे जातो, असे दाखवून दिले. मुद्रिका उपास्थीला धक्का न लावता खालच्या पातळीवर छेद घ्यावा, हा त्यांचा नियम शस्त्रक्रियेच्या शिक्षणात मान्य झाला. उपचारच रोगाचे कारण ठरू शकतो, ही जाणीव या विषयात तेव्हापासून दृढ झाली.

नवजात अर्भकांची नळी : यानंतर संकोचाचे दुसरे पर्व सुरू झाले. १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न व ॲडिलेड येथील वैद्यांनी मुलांच्या श्वासनालात नळी अनेक दिवस ठेवता येते, असे दाखविले. कृत्रिम श्वसनयंत्राच्या साहाय्याने अपुऱ्या दिवसांची अर्भके वाचू लागली. परंतु त्यांपैकी काहींत मुद्रिका उपास्थीच्या पातळीवर संकोच आढळू लागला. अशा मुलाच्या गळ्यात नळी बसवून वाढीबरोबर मार्ग रुंद होण्याची वाट पाहणे, हाच तोवरचा बहुधा उपाय होता. ही प्रतीक्षा धोक्याची होती, कारण चिकट स्रावाने नळी तुंबली अथवा ती निसटली, तर काही मिनिटांत मृत्यू ओढवू शकतो.

शस्त्रक्रियांचा विकास : बूडापेस्टचे ऑरेल रेती यांनी १९५६ मध्ये मुद्रिका उपास्थी मागील बाजूने छेदून मार्ग रुंद करण्याची पद्धत वर्णिली. टोराँटो येथील ब्लेअर फिअरन व रॉबिन कॉटन यांनी १९७२ मध्ये, अरुंद भाग पुढून उभा चिरून फटीत उपास्थीचा तुकडा बसविण्याच्या पद्धतीचे प्रायोगिक निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९७४ मध्ये मुलांवरील अनुभव मांडण्यात आला. पुढे या कामी बालकाच्याच बरगडीची उपास्थी वापरण्याचा प्रघात पडला. छेदलेली कडी पाचरीसारख्या या तुकड्याने विलग राहतात आणि अस्तर त्यावर पसरते. १९८० मध्ये कॉटन व सीड यांनी अर्भकाची मुद्रिका उपास्थी केवळ पुढून छेदून गळ्यातील नळी टाळण्याची पद्धत सुचविली. संकोचाचे चार वर्ग ठरविणारी, आजही वापरात असलेली पद्धत १९९४ ची आहे : ५०% पर्यंत, ५१ ते ७०%, ७१ ते ९९% आणि पूर्ण बंद मार्ग.

अतितीव्र संकोचात अरुंद भागच कापून टाकून निरोगी टोके जोडावी लागतात. लोझॅन येथील फिलिप मॉन्ये व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मुलांतील अशा शस्त्रक्रियांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जन्मतः पूर्ण वर्तुळाकार कडी असलेल्या लांबलचक संकोचासाठी १९८९ मध्ये लंडनहून निराळी युक्ती पुढे आली. तीत श्वासनाल संकोचाच्या मध्यावर आडवा तोडतात. एक भाग पुढून व दुसरा मागून उभा चिरून ते एकमेकांवर सरकवून शिवतात. त्यामुळे अरुंद भागाची लांबी निम्मी होते, परिघ दुप्पट होतो आणि क्षेत्रफळ सुमारे चौपट होते. २०११ नंतर काही रुग्णांत कृत्रिम द्रव्याचा श्वासनाल बसविण्याचे प्रयत्न झाले. ते घातक ठरले व संबंधित शल्यविशारदाला स्वीडनमधील अपील न्यायालयाने २०२३ मध्ये शिक्षा ठोठावली. रुग्णाच्या स्वतःच्या ऊतकांनीच मार्गाची दुरुस्ती करणे, हे तत्त्व त्यामुळे अबाधित राहिले.

सिंधुदुर्ग किनाऱ्याच्या संदर्भात : या शस्त्रक्रियेला बाल-शल्यविशारद, कान-नाक-घसातज्ञ, शुद्धिहरणतज्ञ व अतिदक्षता परिचारिका यांचा अनुभवी गट लागतो, असे गट मोठ्या शहरांतच आढळतात. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील गंभीर रुग्णांना ओरोस येथील जिल्हा रुग्णालयातून पुढे प्रामुख्याने गोव्यातील बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात नेण्याची प्रथा आहे. या महाविद्यालयाची परंपरा १८४२ मध्ये पणजीत स्थापन झालेल्या वैद्यकीय विद्यालयापर्यंत पोहोचते. मुंबईत परळ येथे बालकांसाठीचे वाडिया रुग्णालय १९२९ पासून आहे.

मालवणसारख्या किनाऱ्यावर गळ्यात नळी असलेल्या मुलाचे जीवन विशेष जोखमीचे असते. समुद्र, विहीर वा तळे यांतील पाणी नळीवाटे थेट फुप्फुसांत जाऊ शकते. पुळणीची वाळूही अपायकारक ठरते. हवा स्वरतंतूंपर्यंत पुरेशी न पोहोचल्याने अनेक मुलांना मोठ्याने रडता वा हाक मारता येत नाही. त्यामुळे घरातील कोणीतरी रात्रंदिवस जवळ राहावे लागते. नळी स्वच्छ करणे, बदलणे आणि तुंबल्यास ताबडतोब काढणे आईवडिलांना शिकविल्याखेरीज मुलाला घरी पाठविणे योग्य नसते. शस्त्रक्रियेनंतरही दुर्बिणीने वारंवार तपासणी आवश्यक असल्याने दूरच्या कुटुंबावर प्रवासाचा व बुडालेल्या मजुरीचा भार पडतो.

प्रतिबंध मात्र जिल्हा रुग्णालयातही शक्य आहे. योग्य मापाची, अस्तरावर दाब न देणारी नळी निवडणे, ती हलू न देणे व शक्य तितक्या लवकर काढणे, हे त्याचे मुख्य उपाय होत. १९७१ मध्ये ग्रेगरी व सहकाऱ्यांनी वर्णिलेल्या सतत धन दाबाच्या श्वसनोपचारामुळे आता अनेक अर्भकांत श्वासनालात नळी घालण्याची वेळच येत नाही. शस्त्रक्रियेचे यश श्वासमार्गाच्या मापावरून नव्हे, तर गळ्यातील नळी कायमची निघाली की नाही व मुलाचा आवाज परत आला की नाही, यांवरून ठरविले जाते.